काकींचा शेक

आमच्या नावड्याच्या घरमालकीणबाई भाडेकरूंना नावानं हाक मारायच्या नाहीत. माळ्यानं मारायच्या. पहिल्या माळ्यावरचे रिक्षावाले भाऊ म्हणजे ‘पयला’, दुसऱ्यावर राहणाऱ्या कॉलेजच्या मुली सगळ्या मिळून ‘दुसरा’, आणि आम्ही नवराबायको ‘तिसरा’. जिन्यात उभं राहून वर तोंड करायचं आणि ओरडायचं, ‘‘ए तिसरा माला, पानी आयलं.’’ आता मी खारघरला नवव्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, खाली वॉचमन आहे, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तरी त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, ‘‘तिसरा माला का?’’ मी हो म्हणते. उगाच वाद कशाला घाला.

आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. नव्या शहरासाठी सरकारनं शेती घेतली तेव्हा मोबदल्यात घराण्याच्या वाट्याला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, त्यावर ही चार माळ्यांची बिल्डिंग उभी राहिली. लिफ्ट ठेवली नाही, कारण काकींच्या मते ज्याला जिना चढवत नाही त्यानं वर राहू नये. स्वतः तळमजल्यावर राहायच्या. अंगावर नऊवारी लुगडं आणि पायात नातवाचे जुने स्पोर्ट शूज. जिन्याखाली लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न, ‘‘काय आनलंस?’’ उत्तराची वाट न बघता पिशवीत हात. एकदा मी आणलेली कोथिंबीर पिवळी निघाली, तर मला जिन्यात उभी करून त्या ती जुडी घेऊन बाजारात गेल्या आणि भाजीवाल्याकडून बदलून घेऊन आल्या. मला तिथं उभं राहायची काही गरज नव्हती. पण त्या ‘थांब’ म्हणाल्या होत्या, म्हणून थांबले.

त्यांचं माहेर जासईकडचं, वडील मिठागरावर कामाला. मी तेव्हा जासईलाच एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात होते. हे कळल्यावर काकींनी मला बरंच छळलं. ‘‘माझ्या बापानं जिथं मीठ काढलं तिथं ही एसीत बसून माश्या मारते.’’ मिठावर त्यांचा भारी विश्वास. भांडी मिठानं घासायची, दात मिठानं, दृष्ट मिठानं, आणि घसा धरला की मीठ-पाणी. ते पाकिटातलं बारीक मीठ त्यांच्या लेखी मीठच नव्हे. खडा मीठ हवं. ‘‘मिठाला सगलं कलतं,’’ असं त्या म्हणायच्या. कशाबद्दलही म्हणायच्या.

पण काकींचं खरं नाव होतं ते त्यांच्या शेकाबद्दल. गल्लीत, गावात, अगदी कॉलनीतल्या बिल्डिंगांमध्येसुद्धा कुणी बाळंतीण घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी काकी दारात हजर. एका हातात कोळशाची शेगडी, दुसऱ्या हातात खड्या मिठाची पुरचुंडी. कुणी बोलावलेलं नसायचं. बोलवायची त्यांना गरज वाटायची नाही. घरातल्या पुरुषांना बाहेर काढायच्या, निखाऱ्यावर ओवा टाकायच्या, तव्यावर मीठ तापवून सुती फडक्यात बांधायच्या आणि बाळंतिणीची पाठ, कंबर, मांड्या, सगळं शेकून काढायच्या. बायका सांगायच्या, काकींचा हात लागला की अंग हलकं होतं. गावातली कुणीतरी म्हातारी अजून विहिरीवर ताठ चालत जाते ती म्हणे काकींच्याच शेकामुळे. आता विहीर कुठं राहिली आहे, ते मी विचारलं नाही.

माझे दिवस भरले तेव्हा माझी आई येऊ शकत नव्हती. बार्शीजवळ आमचं घर, तिथं वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. सासूबाई नव्हत्याच. नवरा तळोज्याच्या केमिकल कंपनीत, शिफ्टची ड्युटी. त्याला टेन्शन आलं होतं, ते तो लपवत होता आणि लपत नव्हतं. काकींनी एक दिवस त्याला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, ‘‘मी हाय ना रे. तू तुझ्या कंपनीत जा.’’ झालं, विषय संपला.

तसं ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही. सकाळपासून कळा येत होत्या, संध्याकाळपर्यंत येतच राहिल्या, आणि मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘‘आता थांबायचं नाही.’’ नवऱ्यानं सिझरच्या कागदावर सही केली, मला कमरेत इंजेक्शन दिलं गेलं, छातीपासून खाली माझं शरीर माझं राहिलं नाही. थोड्या वेळानं पडद्यापलीकडून रडण्याचा आवाज आला. मुलगा. ठोके बरोबर होते. मी सुटकेनं रडले. दुसऱ्या दिवशी नर्सनं मला चालवलं तेव्हा वेगळ्या कारणानं रडले. पोट शिवलेलं असताना पलंगावरून उठणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

काकी भेटायला आल्या. बाळाला उताणं-पालथं करून बघितलं, कान बघितले, नाकाला हात लावला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘पोट फारून काढलं व्हय? बरं हाय तुमच्या वक्ताला. सोसायला नको.’’

मी दिवसभर कळा सोसल्या होत्या. वर टाकेही पडले होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच. मी बाळाच्या दुपट्याची घडी सारखी केली. ते वाक्य मात्र माझ्या आत जाऊन बसलं.

डिस्चार्ज घेऊन रिक्षानं नावड्याला आलो. मी जिन्याकडे बघत होते. तीन माळे, आणि मला धड खोकताही येत नव्हतं. काकी खुर्चीतून म्हणाल्या, ‘‘वर कुठं बघतेस? तुझं घर हिकरं हाय.’’ आत गेले तर त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत माझा पलंग, माझा कुकर, माझे बाळंतपणाचे गाऊन, इतकंच काय आमचा देवाचा फोटोसुद्धा भिंतीवर. काकींचं सामान आमच्या तिसऱ्या माळ्यावर. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याची शिफ्ट चालू असताना त्यांनी पयल्या माळ्याच्या भावांना लावून सगळं वरखाली केलं होतं. गुडघे दुखणारी ही बाई पुढचा सव्वा महिना तीन माळे चढली-उतरली, दिवसातून कितीदा तरी. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, ‘‘तुझ्या किचनच्या नलाला धार नाय.’’

खोकताना, हसताना पोटाशी उशी धरायची असं नर्सनं सांगितलं होतं. काकींना ते फार विनोदी वाटलं. ‘‘उशीला धरून खोकायचं?’’ म्हणून पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ती उशी सांभाळायचं काम त्यांनीच घेतलं. मला ठसका लागला की त्या कुठूनही यायच्या आणि उशी पोटावर ठेवायच्या. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. ‘‘झोपलीय,’’ म्हणायच्या, आणि मी त्यांना दिसेन अशी समोर बसलेली असायचे. हळिवाची खीर, मेथीचे लाडू, गावठी कोंबडीचं कालवण, सगळं त्यांच्या हातचं. दुपारी मला उगाच रडू यायचं. कारण सांगता यायचं नाही. काकी कारण विचारायच्या नाहीत. जवळ बसायच्या, बाळाला घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘रर बाय, पन दूध पाजताना नको. त्याच्या कानात पानी जाईल.’’ मी रडता रडता हसायचे आणि मग उशी शोधावी लागायची.

शेक सुरू झाला. पाठीला, कमरेला, पायांना. खरं सांगते, सुख होतं ते. त्या हाताला वजन होतं आणि घाई नव्हती.

मग एका दुपारी काकी म्हणाल्या, ‘‘पोट सुटलंय तुझं. आत जायला पायजे.’’ आणि मिठाची गरम पोटली त्यांनी ओटीपोटावर ठेवली, टाक्यांच्या थोडी वर.

‘‘लागतंय का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

लागतच नव्हतं. काकींनी पोटली अजून थोडा वेळ ठेवली. परत विचारलं, मी परत नाही म्हणाले. तव्यावरचं ताजं मीठ भरून दुसरी पोटली बांधली, ती ठेवली. ‘‘लागतंय?’’ ‘‘नाही.’’ काकींनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. ‘‘सोसतेस गं तू,’’ म्हणाल्या. ‘‘मना वाटलं नव्हतं.’’

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दवाखान्यातलं ते वाक्य तेवढ्यानं पुसलं गेलं असं वाटलं. त्या तिसऱ्यांदा ठेवायला निघाल्या तेव्हा मीच पोटावरचं कापड बाजूला केलं.

संध्याकाळी नवरा जखम बघायला बसला. टाक्यांच्या वरच्या बाजूला फोड आले होते, पाण्यानं भरलेले. एक फुटला होता. मला तेव्हाही काही कळत नव्हतं. सकाळी थंडी वाजून ताप आला. दुपारपर्यंत टाक्यांच्या एका टोकाला ओल आली, मग वास. आम्ही रिक्षा केली. काकी बाळाला घेऊन पुढच्या सीटवर रिक्षावाल्या भावाशेजारी बसल्या.

डॉक्टर मॅडमनी ड्रेसिंग उघडलं आणि विचारलं, ‘‘हे कशानं भाजलंय?’’

काकी दाराशी उभ्या होत्या, खांद्यावर बाळ. माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणाला, ‘‘गरम पाण्याची पिशवी फुटली, मॅडम.’’

काकी काही बोलल्या नाहीत.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पोट कापताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. तिथली जागा बधिर होते, काही महिने, कुणाकुणाची कायमची. तिथं गरम ठेवलं तर बाईला कळतच नाही. ‘‘ती नाही म्हणते, तुम्हाला वाटतं तिला सोसतंय. ती सोसत नसते. तिला कळत नसतं.’’ हे त्या माझ्या नवऱ्याला सांगत होत्या. ऐकत होत्या काकी. जखमेत जंतू गेले होते, ते रक्तात पसरले तर जिवावर बेततं, म्हणून मला लगेच ठेवून घेतलं. टाक्यांचं टोक उघडून साफ केलं, सलाइनमधून औषधं चालू केली. पहिले दोन दिवस ताप उतरेना, तेव्हा नवऱ्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. मी छताकडे बघत पडले होते आणि एवढंच मनात होतं, की या पोराला अजून माझा चेहरासुद्धा ओळखता येत नाही.

ताप उतरला. जखम भरायला मात्र वेळ लागला, रोज ड्रेसिंग. परत काकींच्याच खोलीत आले, त्यांच्याच हातचं खाऊ लागले, आणि मला त्यांचा मनस्वी राग आला होता. भाजल्याचा नव्हे. त्या दाराशी उभ्या राहून गप्प राहिल्या, त्याचा. नवऱ्याशी मी भांडले, तू का खोटं बोललास म्हणून. तो म्हणाला, ‘‘म्हातारीनं आपल्यासाठी घर खाली केलं. तिला सगळ्यांसमोर काय तोंडावर पाडू?’’ त्याचं चूक होतं असं नाही. पण गावभर ‘पिशवी फुटली’ हेच पसरलं. बायका येऊन मलाच सांगायच्या, त्या रबराच्या पिशव्या वापरू नको, त्यापेक्षा काकींचा शेक घ्यायचास. काकी समोर बसलेल्या असायच्या. मान खाली, हातात बाळाचा लंगोट, त्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची.

माफी त्यांनी मागितली नाही. एक दिवस फक्त म्हणाल्या, ‘‘मिठाला काय कललं नाय,’’ आणि उठून गेल्या.

त्यानंतर काकींनी शेक सोडला. कुणी बोलवायला आलं की सांगायच्या, हात दुखतात. शेगडी बाहेर ओट्यावर आली, तिच्यात माती भरली, कोरफड लावली. लोकांना वाटलं काकी थकल्या. कुणाकडे बाळंतीण आली की त्या जायच्या तशाच, न बोलावता, पण दारात उभं राहून पहिलं विचारायच्या, ‘‘टाके हायेत?’’ हायेत म्हटलं की आत जाऊन उशी द्यायच्या, भेटायला आलेल्यांना हाकलायच्या आणि ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायच्या. बाळंतिणीला कंटाळा येईल इतक्यांदा लावायच्या. एकीला म्हणे जबरदस्तीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिला काही झालेलं नव्हतं. घरच्यांनी काकींना खूप बोल लावले.

मुलगा चालायला लागल्यावर आम्ही खारघरला गेलो. काकी जिन्याखालच्या खुर्चीतून उठल्या नाहीत. टेम्पोत सामान चढताना प्रत्येक पिशवीत हात घालून बघत होत्या.

मध्ये काही वर्षं गेली. मुलगा आता शाळेत जातो. मागच्या हिवाळ्यात काकींचा फोन आला.

‘‘तिसरा माला का?’’

‘‘हो काकी.’’

‘‘उद्या दुपारी ये. ड्रेस नको. सारी नेस.’’

कार्यक्रम काय आहे ते सांगितलं नाही, फोन ठेवला. मला वाटलं बारसं असेल, कारण नातसुनेला मुलगी झाल्याचं मला कळलं होतं. बाळ आडवं होतं, म्हणून तिचंही सिझर झालं होतं. मी पेढे घेतले, साडी नेसले आणि नावड्याला गेले.

बारसं नव्हतं. तळमजल्याच्या त्याच खोलीत, जिथं माझा पलंग होता तिथंच, नातसून झोपलेली. पोरगी लहान, चेहरा सुकलेला. भावकीतल्या पाचसात बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मधोमध काकींच्या मोठ्या जाऊबाई. त्यांच्यासमोर नवी कोरी शेगडी पेटलेली, वर तवा, तव्यावर खडा मीठ. ओव्याचा धूर भरला होता.

हे आदल्या दिवसापासून चाललं होतं, ते मला हळूहळू कळलं. काकी नको म्हणत होत्या. जाऊबाई ऐकत नव्हत्या. ‘‘आख्ख्या गावाला शेकलंस तू,’’ त्या माझ्यासमोर परत म्हणाल्या, ‘‘नि घरच्या पोरीला नको? तुझे हात दुखत असतील तं मी करतंय. का पोरीच्या दवाखान्यातली डाक्टरीण तुला काय सांगून गेलीय?’’ बायका हसल्या. नातसून पलंगावरून हळूच म्हणाली, ‘‘करू द्या ना आजी. मला काय होत नाय. मी सोसीन.’’

ते ‘सोसीन’ ऐकलं आणि मी हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

काकी उठल्या. मला हाताला धरून मधोमध आणलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं. मग न विचारता माझ्या साडीच्या निऱ्या त्यांनी थोड्या खाली ओढल्या आणि पदर बाजूला केला. सारी नेस का म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. त्या सगळ्या बायकांसमोर माझं पोट, टाक्यांची ती रेघ, आणि तिच्या वर तळहाताएवढी चकचकीत, सुरकुतलेली जागा. मला भयंकर लाज वाटली. काकींचा हात झटकून टाकावा असं वाटलं. पण मी उभी राहिले, पूर्वी जिन्यात थांबले होते तशी.

‘‘हिचं बघा,’’ काकी म्हणाल्या.

‘‘ठावं हाय,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘पिशवी फुटली ती ना ही?’’

‘‘पिशवी नव्हती.’’ काकींचा आवाज नेहमीसारखाच होता, जिन्यात ओरडायच्या तसा, बाहेरच्यालाही ऐकू जाईल असा. ‘‘ह्ये माझं काम हाय. मी भाजलं हिला. मिठानं, ह्याच घरात. ही पोर मराची व्हती. हिच्या नवऱ्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, नि मी गप ऱ्हायली.’’

तव्यावर मीठ तडतडत होतं.

इतकी वर्षं मी ज्या वाक्यासाठी रागावले होते ते असं समोर आलं, आणि मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला रडू आलं. ज्या गावात त्यांचं सगळं नाव त्या शेकावर होतं, तिथं त्या पायातले बूट न काढता उभ्या राहून ते नाव स्वतःच्या हातानं खाली ठेवत होत्या.

मग काकींनी तव्याशेजारचं फडकं उचललं, चिमूटभर गरम मीठ त्यात घेतलं आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघितलं. नातसुनेचा हात पुढे ओढून तिच्या मनगटाला नुसतं टेकवलं. तिनं हात मागे घेतला. मग तेच फडकं काकींनी माझ्या पोटावरच्या त्या जागेला टेकवलं, क्षणभर, आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, ‘‘लागतंय का?’’

मी खरं तेच सांगितलं. ‘‘नाही, काकी.’’

‘‘बघ,’’ त्या नातसुनेला म्हणाल्या. ‘‘आजून नाय लागत.’’

जाऊबाईंनी पदरानं तवा धरला आणि शेगडीवरून खाली उतरवला. नातसुनेनं पोटावर चादर ओढून घेतली. काकींनी माझ्या निऱ्या वर खोचल्या, पदर सारखा केला, दोनदा थोपटला. एवढ्यात नातसुनेला धुरानं ठसका लागला, आणि काकी आणि मी दोघी एकदमच उशीकडे वळलो.